यादीत तीनशे शब्द, आणि मूल ‘ताप’ मागतंय

“मॅडम, रोज अर्धा तास बसवते त्याला. मोबाइलवर ‘क’चे तीनशे शब्द काढलेत. तरी काकाला ‘ताता’च म्हणतो. आमचं कुठे चुकतंय?”

गोव्यात डिचोलीतल्या माझ्या वाचा-उपचाराच्या क्लिनिकमध्ये हा प्रश्न आता आठवड्यातून एकदा तरी येतोच. कधी ‘क’ असतो, कधी ‘र’. याद्या काढून देणारी सॉफ्टवेअरं हाताशी आली, तशी पालकांची काळजीही यादीच्या लांबीवर मोजली जायला लागली.

हा मुलगा पाच वर्षांचा. त्याला बाबू म्हणू. कान आधीच तपासले होते, ऐकू नीट येत होतं. घरात मराठी, अंगणाबाहेर कोकणी, शाळेत इंग्रजी, म्हणून घोळ झाला का, असं आजीने विचारलं. नाही हो आजी, तीन भाषांमुळे ‘क’चा ‘त’ होत नाही. जिभेचा मागचा भाग टाळ्याला लागायच्या जागी टोक पुढे दातांना लागतं, एवढंच. बऱ्याच मुलांचं हे चौथ्या वर्षापर्यंत आपसूक सुटतं. बाबूचं सुटलं नव्हतं.

मी यादी मागून घेतली. पहिल्याच पानावर कुत्रा, कात्री, किटली, कीटकनाशक. इंग्रजीच्या पानावर ‘नाइफ’ आणि ‘नी’. स्पेलिंगमध्ये ‘के’ आहे, तोंडात नाही! साधनाने अक्षर शोधलं होतं, आवाज नाही. आणि कुत्रा, कात्री यांत तर ‘त’ शेजारीच बसलेला, जीभ पुढे ओढून न्यायला तयार. बिचारी आई रोज अर्धा तास नेमकं तेच घोकून घेत होती.

मी या साधनांच्या विरोधात नाही, स्वतः वापरते. आवाज शब्दाच्या सुरुवातीला हवा की शेवटी, शब्द किती अक्षरी हवा, हे निवडता आलं तर माझं बरंच काम वाचतं. पण ते साधन उच्चारावर चालणारं हवं. इंग्रजीसाठी कार्नेगी मेलन विद्यापीठाचा १,३४,०००हून अधिक शब्दांचा उच्चारकोश मोफत मिळतो, मात्र त्यातले उच्चार अमेरिकेतले. मराठीत तर ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’सुद्धा एक नाही. हे कान लावूनच कळतं.

पहिले काही आठवडे ‘नाक’, ‘एक’, ‘चाक’ यांवर गेले. शेवटचा ‘क’ त्याला लवकर जमला. सुरुवातीचा काही केल्या येईना. मग एकदा आई सहज बोलून गेली, “नीरफणसाचे काप केले की ‘मला ताप दे, ताप दे’ करत मागे लागतो. आम्हाला कळतं, आम्ही देतो.”

मला हवं होतं ते इथे होतं. काप आणि ताप. एका आवाजाचा फरक, आणि एक शब्द बाबूच्या जिवाभावाचा. तीनशेच्या यादीतही ‘काप’ होता, पण ‘ताप’ त्याच्या शेजारी नव्हता.

पुढच्या वेळी आईने डब्यातून काप आणले. मी टेबलावर एका बाजूला डबा ठेवला, दुसऱ्या बाजूला थर्मामीटर. “काय देऊ?” “ताप.” मी थर्मामीटर पुढे केला. त्याने मान हलवली. “ताप!” पुन्हा थर्मामीटर. आई मध्ये बोलणार होती, मी हातानेच थांबवलं. बाबू माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्याचे ओठ उघडे होते आणि जीभ, मला स्पष्ट दिसली, हळूच मागे सरकली. “क्… आप.” मी डबाच त्याच्या हातात दिला. आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

इतकी वर्षं हे काम करून माझा एक विश्वास पक्का झालाय: चुकीच्या आवाजाने आपलं म्हणणंच बदलतं, हे मुलाला कळलं की जीभ वाट शोधते. घरच्यांनी सगळं समजून घेतलं की ती गरजच उरत नाही. म्हणजे मुलाला टोकायचं का? अजिबात नाही. “ताप हवा की काप?” असं शांतपणे विचारायचं, थांबायचं, आणि मुलाने प्रयत्न केला की वस्तू द्यायची. अडवून, रडवून नाही. आणि हे सगळं, तो आवाज तोंडात तयार झाल्यावरच. त्याआधी मूल नुसतं हिरमुसतं. रोज दहा शब्द पुष्कळ झाले, तेही जेवताना, अंगणात, आंघोळीच्या वेळी लागणारे. दोन-दोन मिनिटं, दिवसातून चार-पाचदा. यादी साधनाने काढली तरी त्यातले दहा आईनेच निवडावेत, कारण मूल दिवसभर काय मागतं ते तिलाच ठाऊक असतं.

बाबूच्या आईने फ्रीजवर आता अकरा शब्द लावलेत. परवा तिचा फोन आला. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला तसा तो दाराशी धावला आणि ओरडला, “कातणां!” म्हणजे काकणां, बांगडीसारखे गोल पाव. पहिला ‘क’ स्वच्छ, दुसऱ्याचा अजून ‘त’. बाराव्या जागी ‘काकण’ लिहा, असं मी तिला सांगितलं.