गढूळ पाण्यात कुठला लूर? आधी पाणी बघा

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून गोव्यातल्या फोंड्याला आल्यावर डझनभर लूर (गळाला लावायची खोटी आमिषं) घेतले, बाणस्तारीच्या पुलाजवळ तीन रविवार टाकले, पण पावसाने पाणी चहासारखं झालं होतं आणि चोणकाने (खाडीतला मोठा शिकारी मासा, इंग्रजीत बारामुंडी) एकदाही तोंड लावलं नाही. आता कुठला रंग घेऊ, असा तुमचा प्रश्न आहे. रंगाकडे येतोच, पण आधी पाणी मोजा.

काठापासून मागे राहून रॉडच्या टोकाने लूर पाण्यात सोडा आणि किती खोलीवर दिसेनासा होतो ते बघा. (मागे राहा हे मुद्दाम सांगतोय. त्या पुलाखालच्या कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. दुर्भाट गावात तर चिखलाची मगर करून पूजतात.) दोन हात खाली दिसला तर पाणी स्वच्छ आहे. मग बारीक, चंदेरी, बोयट माशासारखा मिनो (छोट्या माशाच्या आकाराचा कडक लूर) घ्या आणि लीडर, म्हणजे लूरच्या आधीचा जाड दोरीचा तुकडा, जरा पातळ ठेवा. वीतभरातच गडप झाला, तर मासा तो डोळ्यांपेक्षा अंगाने शोधणार. त्याच्या कुशीवरच्या रेषेला पाण्यातली थरथर कळते. तेव्हा रुंद शेपटीचा चार इंची रबरी लूर लावा, नाहीतर आत गोळ्या खुळखुळणारा. रंग काळा किंवा गडद जांभळा, कारण खालून आभाळाच्या उजेडावर त्याचा आकार उठून दिसतो. आणि सावकाश ओढा. गढूळ पाण्यात बहुतेक जण घाईच करतात, मासा लूरपर्यंत पोचेस्तोवर लूर पुढे गेलेला असतो.

पाणी कधी निवळेल हे पंचांगात बघा. पुनवे-अवसेच्या उधाणाला ओढ जोराची, तळाचा चिखल वर येतो. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी ओढीची भरती-ओहोटी, असते, तेव्हा तेच पाणी बरंच निवळतं. उधाणात जिगहेडही (रबरी लूरचा शिशाचं डोकं असलेला गळ) जड लागतो, नाहीतर लूर तळाजवळ टिकतच नाही.

माझी सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे खाजनाची मानस, म्हणजे बांध घातलेल्या खाऱ्या शेतजमिनीचं पाण्याचं दार. ओहोटी लागली की तिच्या लाकडी फळ्या पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि आतली सुंगटं (कोळंबी), बारीक शेवटे (बोयटं) प्रवाहाबरोबर बाहेर येतात. दिवाळीनंतर एकदा तिथे पहाटे बसलो होतो. आतून येणारं मातकट पाणी आणि नदीचं हिरवट पाणी यांच्यामध्ये स्पष्ट रेघ पडली होती. मातकट बाजूला टाकलं, काही नाही. मग लूर त्या रेघेवरून आडवा आणला, आणि तिसऱ्या फेकीला 'टॉक्' असा चोणकाचा आवाज आला. पाणी कितीही घाण असो, अशी रेघ दिसली की आधी तीच धरा. मात्र मानशीची मासेमारी पावणीने, म्हणजे लिलावाने, दिलेली असते, ज्याच्याकडे असेल त्याला विचारूनच बसा.

खारफुटीच्या मुळांत तांबसो (लालसर स्नॅपर मासा) मिळतो. तिथे गळाचं टोक रबरात लपवलेलाच लूर टाका, बाकीचे मुळांत अडकून जातील.

लीडर मात्र कितीही पातळ केला तरी चाळीस पौंड ताकदीच्या खाली नेऊ नका. चोणकाच्या कल्ल्याची कड सुरीसारखी असते. आणि मोठा लागला तर कृपा करून सोडा. चोणक आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो, म्हणजे तुमच्या हातातली ती मोठी बहुधा अंड्यांचीच. तीनमुखी गळाचे उलटे काटे पक्कडने आधीच दाबून ठेवलेत, तर तिला पाण्यातच मोकळं करता येतं.