दगडी ‘वधस्तंभ’? अहो, क्रूस म्हणा!

प्रश्न : आयर्लंडमधल्या कोरीव ‘हाय क्रॉस’ना ‘दगडी वधस्तंभ’ म्हणावं का? आणि ‘क्रूस’ हे ‘क्रॉस’चंच मराठी रूप ना?

नाही आणि नाही. ‘वधस्तंभ’ हा मराठी बायबलात रुळलेला शब्द. येशूला ज्यावर खिळलं त्या लाकडापुरता तो ठीक आहे. पण आयर्लंडमधल्या मोनास्टरबॉइसच्या मठातल्या साडेपाच मीटर उंच दगडावर कुणाचा वध झाला? त्यावर आदाम-हव्वा आहेत, अंतिम न्यायनिवाडा आहे, पायथ्याशी चक्क मांजरं आहेत. तरी पर्यटनाच्या लेखांत ‘वधस्तंभ’ हटकून येतो आणि डोकं उठतं. ‘क्रूस’ लिहा, फार तर ‘शिलाक्रूस’.

‘क्रूस’ इंग्रजीतून आलेला नाही. तो पोर्तुगीज ‘क्रूझ’चा, गोव्यात कोकणीने त्याचाच ‘खुरीस’ केला. मूळ लॅटिन ‘क्रुक्स’. इतकं कुठल्याही कोशात मिळेल.

खरी गंमत ‘क्रॉस’ची, कारण हा शब्द मुळात इंग्रजांचा नव्हेच! त्यांचा जुना शब्द ‘रोड’ (रस्त्याचा रोड वेगळा). आता स्कॉटलंडमध्ये असलेल्या रथवेलच्या आठव्या शतकातल्या क्रूसावर रून या जुन्या जर्मानिक लिपीत कोरलंय : ‘क्रिस्त वॅस ऑन रोडि’, ख्रिस्त क्रूसावर होता. (सतराव्या शतकात मूर्तिपूजा ठरवून हा क्रूस फोडला, पुढे तो पुन्हा उभा केला हेन्री डंकन या पाद्र्याने.) उलट मोनास्टरबॉइसचा दगड आयरिशमध्ये, तो करवून घेणाऱ्या मुइरेदाखसाठी प्रार्थना मागतो आणि स्वतःला म्हणवतो ‘क्रोस’.

लॅटिन शब्दाचा आयरिश मठांत ‘क्रोस’ झाला, तिथे वसलेल्या व्हायकिंगांनी तो उचलला आणि समुद्रापार इंग्लंडात नेला. लिव्हरपूलजवळचं क्रॉस्बी हे अस्सल नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतलं नाव : क्रूसांचं गाव.

आयरिश धर्मोपदेशकांनीच हा शब्द इंग्रजांना थेट दिला, असं काही विद्वान सांगतात. मग नॉर्थम्ब्रिया या उत्तरेकडच्या जुन्या इंग्रज राज्यात हेच उपदेशक सातव्या शतकापासून ठाण मांडून असताना, त्याच राज्यातल्या रथवेलला ‘रोडि’ का कोरलं? याचं उत्तर कुणी देत नाही. माझ्या मते शब्द प्रवचनांतून पसरला नाही, दगडांतून पसरला. बाप्तिस्मा न घेतलेला व्हायकिंग प्रवचनाला कशाला बसेल? पण उघड्यावर उभा असलेला कोरीव खांब त्यालाही दिसतोच, आणि दिसलेल्या वस्तूचं नाव माणूस विचारतोच. वायव्य इंग्लंडमधल्या कंब्रियातला गॉसफर्थचा दहाव्या शतकातला क्रूस पाहा. एका बाजूला ख्रिस्त. त्याच दगडावर जखडलेला नॉर्स देव लोकी, आणि सापाचं विष वाडग्यात झेलणारी त्याची बायको सिग्यून. हे कोरून घेणारे लोक त्या दगडाला ‘रोड’ म्हणत असतील, असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं.