पाठीवरची नावं

प्रश्न : मुलगी नर्सिंगला आहे. कोविडमध्ये आयसीयूत तुम्हा सिस्टरांचं आपसात कसं होतं? – एक आई, सातारा

उत्तर : ताई, एप्रिल २०२१ मध्ये मी पुण्यात रात्रपाळीला होते. व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक सिस्टर हवी. माझ्याकडे चार रुग्ण असत. अंगभर झाकणाऱ्या पीपीई किटमध्ये चेहरे दिसत नसत, म्हणून आम्ही एकमेकींच्या पाठीवर मार्करने नावं लिहायचो. श्वास सुधारावा म्हणून रुग्णाला पालथं करायला पाचजणी लागत. श्वासाची नळी धरणारीने ‘तीन’ म्हटलं की सगळ्यांनी एकदम वळवायचं. तिथे कुणी सीनियर नाही, कुणी नवखी नाही. राग यायचा तो वरच्यांचा. एकदा काढलेलं किट पुन्हा घालता येत नसे, म्हणून सहा तास पाण्याचा घोट नाही, आणि वर विचारणा, ‘दुसरं किट का घेतलं?’ आमच्या इन्चार्ज सिस्टर मात्र पाळी संपताना लिंबूसरबत घेऊन दारात उभ्या असायच्या. त्यांच्यामुळेच मी टिकले. लेकीला सांगा, नोकरी घेताना पगाराआधी विचार : एका पाळीत एका सिस्टरकडे रुग्ण किती?