प्रश्न तुमचे : देणगीदारांची माहिती किती घ्यावी, कुठे ठेवावी?

प्रश्न : आमची ख्रिस्ती सेवासंस्था वसतिगृह आणि दवाखाना चालवते. ८०जी मान्यता (देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी) आहे. पावतीसाठी प्रत्येकाकडून आधारची झेरॉक्स घेतो. ती लागते का? — खजिनदार, मिरज

उत्तर : लागत नाही. २०२१-२२ पासून संस्थेला आयकर विभागाकडे भराव्या लागणाऱ्या फॉर्म १०बीडीत (देणग्यांच्या विवरणात) नाव, पत्ता, रक्कम, देणगीचा प्रकार आणि ओळख क्रमांक मागितला जातो. पॅन मिळाला की काम भागतं. हा क्रमांक पावती फाडतानाच देणगीदाराला वाचून दाखवून पक्का करा, कारण एक अक्षर चुकलं तरी त्याची वजावट अडते. कार्डाचा फोटो मागवण्याची गरज नाही. फोटो मागवलाच, तर तो खजिनदाराच्या गॅलरीत आणि तिथून त्याच्या बॅकअपमध्ये जाऊन बसतो. साठलेल्या झेरॉक्स रजिस्टरशी ताडून बारीक फाडून टाका, रद्दीवाल्याकडे देऊ नका.

रविवारच्या अर्पणाच्या थैलीला मात्र हा ओळख क्रमांकाचा नियम लावू नका. निव्वळ धार्मिक न्यासाला निनावी दानाबाबत आयकरात सूट आहे. दवाखाना चालवणाऱ्या धर्मादाय संस्थेची गोष्ट वेगळी : तिथे निनावी देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या की ३० टक्के कर बसतो. म्हणून मंडळीचं अर्पण आणि संस्थेची देणगी यांची पावतीपुस्तकं वेगळी ठेवा.

प्रश्न : देणगीदारांची यादी आणि प्रार्थना विनंत्या आम्ही व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकतो. एका भगिनीने हरकत घेतली. — सचिव, अहिल्यानगर

उत्तर : त्यांची हरकत रास्त आहे. पावतीसाठी दिलेलं नाव प्रसिद्धीसाठी दिलेलं नसतं. पावतीच्या अर्जात ‘अहवालात नाव छापावे’ असा वेगळा चौकोन ठेवा आणि तो आधीच टिक करून ठेवू नका. खूण नसेल तिथे फक्त पावती क्रमांक आणि रक्कम छापा.

गटात प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये तो दिसत नाही, पण तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोहोचतो. तेव्हा आधी तेवढं करायला सांगा. ईमेलला सगळे पत्ते बीसीसीत घाला, म्हणजे ते एकमेकांना दिसत नाहीत.

प्रार्थना विनंती देणगीच्या नोंदीपेक्षाही नाजूक असते. कुणाचा कर्करोग, कुणाच्या घरातलं भांडण, कुणी नव्याने उपासनेला येऊ लागलंय आणि घरी माहीत नाही, असं काहीही त्यात असतं. अशी माहिती बाहेर गेली तर माणसाचं घर आणि काम दोन्ही धोक्यात येऊ शकतात. नाव न घेता ‘एका भावाच्या आजारासाठी’ एवढं पुरतं. नाव घ्यायचंच असेल तर आधी त्या व्यक्तीला विचारा.

प्रश्न : खजिनदार बदलताना काय काय ताब्यात घ्यायचं? — पंच, सोलापूर

उत्तर : पावतीपुस्तकं आणि बँकेच्या सह्या सगळे बदलतात, पण गुगल खातं जुन्या खजिनदाराच्या वैयक्तिक नंबरावरच राहतं. खातं संस्थेच्या नावाचं आणि टू-स्टेप पडताळणी संस्थेच्या सिमवर असावी. त्याच दिवशी पासवर्ड बदला, ड्राइव्हच्या शेअरिंगमधून जुनी नावं काढा. एक्सेलचं ‘प्रोटेक्ट शीट’ फक्त चुकून होणारे बदल रोखतं. फाइल खरोखर बंद ठेवायची तर ‘एनक्रिप्ट विथ पासवर्ड’ वापरा आणि तो पासवर्ड बंद पाकिटात अध्यक्षांकडे ठेवा, कारण विसरला तर फाइल उघडत नाही.

प्रश्न : देणगीदार ‘माझी माहिती काढून टाका’ म्हणाला तर?

उत्तर : हिशेबाची नोंद काढता येत नाही. २०२२ च्या आयकर नियम १७एएनुसार ती १० वर्षं जपायची असते. वाढदिवस, कुटुंबाची माहिती, प्रार्थनेच्या नोंदी मात्र पुसा आणि पत्रं थांबवा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्येही माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य बंधनांना १८ महिन्यांची मुदत आहे. सुरक्षेत कुचराई झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. मुदत संपायची वाट न पाहता या महिन्याच्या पंच सभेतच ठराव करून घ्या, आणि यादी कोण कोण उघडू शकतं त्यांची नावं ठरावात लिहा.