मेंबरशिप किती घ्यायच्या? पुरातत्त्व आणि मानवशास्त्राच्या विद्यार्थ्यांची एक नेहमीची काळजी

कळव्याची श्रुती (नाव बदललं आहे) एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, विषय प्राचीन भारतीय संस्कृती आणि पुरातत्त्व. आईबरोबर समुपदेशनाला आली तेव्हा तिच्या मोबाइलमध्ये बावीस संस्थांची यादी होती. वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलेली. वर्गातल्या एका मुलाने त्यातल्या पाच संस्थांची प्रमाणपत्रं बायोडेटाला जोडली होती आणि तेव्हापासून हिची झोप उडाली होती. शिकवण्या घेऊन साठवलेले आठ हजार रुपये तिच्या हाताशी होते. "मॅडम, आत्ता मेंबरशिप घेतल्या नाहीत तर पीएच.डी.ला मी मागे पडेन का?" हा तिचा प्रश्न. आईचा सरळ होता: "एवढे पैसे भरून नोकरीला उपयोग होणार आहे का, तेवढं सांगा."

आईच्या प्रश्नाचं उत्तर आधी दिलं, कारण ते छोटं आहे. सरकारी नोकरीसाठी सदस्यत्वाचा उपयोग नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पदांना पदव्युत्तर पदवी, पदविका, क्षेत्रकामाचा अनुभव या गोष्टी बघतात. प्राध्यापकीसाठी नेट-सेट लागते (नेटला पुरातत्त्वाचा कोड ६७, मानवशास्त्राचा ०७, दोन्ही वेगळे पेपर आहेत, अर्ज भरताना गल्लत करू नये). अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये व्यावसायिक पुरातत्त्वज्ञांची नोंदणी करणाऱ्या संस्था आहेत आणि तिथे त्या नोंदणीला कामाच्या बाजारात वजन आहे. आपल्याकडे डॉक्टर-वकिलांसारखी नोंदणी या क्षेत्रात नाही. दुसराही एक गैरसमज काढून टाकावा लागतो: कुठल्याही संस्थेचं ओळखपत्र म्हणजे उत्खननाचा परवाना नव्हे. संरक्षित स्थळांना १९५८चा कायदा लागू आहे, पुरावस्तूंना १९७२चा. सदस्य आहोत म्हणून संरक्षित जागेवरची खापरं पिशवीत घालून आणली, तर तो गुन्हाच.

मग संस्था कशासाठी असतात? नियतकालिक चालवायला आणि परिषद भरवायला. तुमचं काम त्याच विषयात मुरलेल्या वीस-पंचवीस माणसांसमोर पहिल्यांदा जातं ते अशा परिषदेत. तिथे बसलेल्यांपैकी कुणीतरी उद्या तुमचा पीएच.डी.चा मार्गदर्शक असतो, नाहीतर कुणाच्या तरी उत्खननाच्या चमूत तुमचं नाव सुचवणारा. हा उपयोग खरा आणि मोठा आहे. पण तो होण्यासाठी सांगायला काहीतरी काम हवं. म्हणून श्रुतीला यादी बाजूला ठेवायला लावून विचारलं, "तुझा प्रबंध कशावर आहे?"

ती लगेच खुलली. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या गधेगळांवर तिचं काम चालू होतं. गधेगळ म्हणजे शिलाहार-यादव काळातले दानाचे दगड: वर चंद्र-सूर्य, मध्ये बहुतेकदा लेख आणि खाली, दान मोडणाऱ्याला शाप म्हणून, गाढव आणि स्त्रीचं शिल्प. अलिबागजवळच्या अक्षीचा प्रसिद्ध मराठी शिलालेख अशाच दगडावर आहे. श्रुतीने गावोगाव फिरून सात दगडांची नोंद केली होती, चारांवर लेख होते. इतकं पक्कं काम हातात असलेली मुलगी पाच प्रमाणपत्रांना घाबरत होती, याचं वाईट वाटतं.

विषय कळला की यादी आपोआप आखडते. लेख असलेले दगड म्हणजे पहिला विचार म्हैसूरच्या एपिग्राफिकल सोसायटी ऑफ इंडियाचा. पुरातत्त्वाची सर्वसाधारण संस्था म्हणजे १९६७ साली स्थापन झालेली इंडियन आर्किऑलॉजिकल सोसायटी, तिचं नियतकालिक 'पुरातत्त्व'. इंडियन हिस्टरी काँग्रेसमध्येही पुरातत्त्वाचा स्वतंत्र विभाग असतो. श्रुतीचं काम अश्मयुगीन हत्यारांवर असतं तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजशी निगडित इंडियन सोसायटी फॉर प्रीहिस्टॉरिक अँड क्वाटर्नरी स्टडीजकडे पाठवलं असतं. 'मॅन अँड एन्व्हायर्नमेंट' हे तिचंच नियतकालिक. ही संस्था, इंडियन आर्किऑलॉजिकल सोसायटी आणि इंडियन हिस्टरी अँड कल्चर सोसायटी अशा तिघी मिळून संयुक्त वार्षिक परिषद घेत आल्या आहेत, म्हणजे एका प्रवासखर्चात तीन संस्थांची माणसं भेटतात. नाण्यांसाठी वाराणसीची न्युमिस्मॅटिक सोसायटी (१९१०ची), शैलचित्रं आणि कोकणातल्या कातळशिल्पांसाठी रॉक आर्ट सोसायटी ऑफ इंडिया.

मानवशास्त्राचं गणित थोडं वेगळं. ऐरोली-कोपरखैरण्याकडची मुलं आगरी-कोळी वस्त्यांवर किंवा शहापूर-मुरबाडच्या कातकरी पाड्यांवर काम करतात, त्यांना दिल्लीची इंडियन अँथ्रोपॉलॉजिकल असोसिएशन (नियतकालिक 'इंडियन अँथ्रोपॉलॉजिस्ट'), कोलकात्याची इंडियन अँथ्रोपॉलॉजिकल सोसायटी किंवा लखनौची एथ्नोग्राफिक अँड फोक कल्चर सोसायटी जवळची. शेवटची डी. एन. मजुमदारांनी १९४५ साली काढली. 'ईस्टर्न अँथ्रोपॉलॉजिस्ट' तिचं. गाव, जात, स्थलांतर असे विषय असतील तर इंडियन सोशियोलॉजिकल सोसायटीही चालते. ती तर गो. स. घुर्यांनी १९५१ साली मुंबईतच सुरू केली.

अमेरिकन अँथ्रोपॉलॉजिकल असोसिएशन, सोसायटी फॉर अमेरिकन आर्किऑलॉजी, लंडनची रॉयल अँथ्रोपॉलॉजिकल इन्स्टिट्यूट या मोठ्या, जुन्या आणि खऱ्या संस्था आहेत. पण फी डॉलर-पौंडांत असते. त्यांच्या परिषदेत निबंध स्वीकारला गेला, किंवा परदेशी पीएच.डी.चा अर्ज ठरला, तर त्या वर्षापुरतं विद्यार्थी सदस्यत्व घ्यावं. नुसतं नाव लावायला नको.

यानंतर श्रुतीने एक प्रमाणपत्र दाखवलं. सोनेरी किनार, मधोमध अशोकस्तंभासारखं काहीतरी, खाली 'आजीव फेलो'. वर्गातल्या त्या मुलाला पैसे भरल्यावर अर्ध्या तासात व्हॉट्सॲपवर आलेलं. अशा वेळी काय तपासायचं हे तिथेच करून बघितलं. संस्था १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेली आहे का, नोंदणी क्रमांक कुठे छापलाय का? नव्हता. नियतकालिक आहे का, त्याला आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकांना मिळणारा आठ अंकी आंतरराष्ट्रीय क्रमांक, आहे का, आणि तो क्रमांक आयएसएसएनच्या पोर्टलवर टाकला की त्याच नावाचं नियतकालिक निघतं का? क्रमांक टाकला, निघालं भलत्याच विषयाचं मासिक. खरं तर याहून सोपी कसोटी आहे. आपल्या अभ्यासक्रमाच्या संदर्भग्रंथांच्या यादीत किंवा शोधगंगेवरच्या (भारतीय विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध ठेवलेलं संकेतस्थळ) चांगल्या प्रबंधांच्या संदर्भसूचीत त्या संस्थेचं नियतकालिक कुठे दिसतं का बघावं. पाच प्रबंध चाळून एकदाही दिसलं नाही, तर पैसे खिशातच ठेवावेत. नोंदणी क्रमांक कुणालाही मिळवता येतो. अभ्यासकांच्या तळटीपेतली जागा विकत मिळत नाही.

वाचनासाठीही लगेच सदस्य व्हायची गरज नसते. सोसायटी ऑफ साउथ एशियन आर्किऑलॉजीचं 'एन्शंट एशिया' ऑनलाइन मोफत वाचता येतं. जुने अंक बघायला डेक्कन कॉलेजचं ग्रंथालय आहे. ठाण्याहून सकाळी इंद्रायणीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं. कॉलेजचं पत्र आणि हव्या असलेल्या लेखांची खंड-वर्षासकट यादी बरोबर न्यावी, नाहीतर अर्धा दिवस कॅटलॉगमध्येच जातो. फोर्टमधली एशियाटिक सोसायटी १८०४ची. सीएसएमटीला उतरून चालत गाठता येते.

श्रुतीसाठी पहिलं पाऊल मात्र घराजवळच होतं. ठाण्यात कोकण इतिहास परिषद आहे, तिच्या अधिवेशनात स्थानिक विषयांवरचे निबंध मराठीत वाचता येतात. ठाण्याचीच प्राच्य विद्या अभ्यास संस्था चर्चासत्रं घेते. गधेगळ ज्या गावांत उभे आहेत, ती गावं माहीत असलेली माणसं अशा ठिकाणी श्रोत्यांत असतात. "हा दगड पूर्वी तळ्याच्या काठी होता, रस्ता रुंद केला तेव्हा देवळात आणला," हे वाक्य म्हैसूरला किंवा दिल्लीला कुणी सांगणार नाही.

मग तिच्या निबंधाचा गोषवारा बघितला, आणि खरा वेळ तिथे गेला. पहिलं वाक्य होतं: "गधेगळ हे आपल्या वैभवशाली इतिहासाचे मूक साक्षीदार आहेत." असली वाक्यं निवड समितीला रोज वाचावी लागतात. ते खोडलं. अडीचशे-तीनशे शब्दांच्या गोषवाऱ्यात पाच गोष्टी यायला हव्यात: किती दगड आणि कुठल्या तालुक्यांत, त्यातले किती मूळ जागी, नोंद कशी केली, आधी कुणी यांवर लिहिलंय, आणि तुमचं नवं निरीक्षण काय. श्रुतीचं निरीक्षण शेवटच्या ओळीत दडलं होतं: सातांपैकी पाच दगड जुन्या गावसीमेवर सापडले. ते उचलून दुसऱ्या वाक्यात आणलं. गोषवारा एकदम उभा राहिला.

छायाचित्रांत एक काळजीची गोष्ट दिसली. अक्षरं उठून दिसावीत म्हणून एका लेखावर कुणीतरी खडू फिरवला होता. खडू, पीठ, तेल, रंग यातलं काहीही लावायचं नाही. बेसाल्टच्या सच्छिद्र पृष्ठभागात ते बसतं, आणि खडूने आपण जे अक्षर 'वाचलं' तेच पुढच्या प्रत्येक माणसाला दिसत राहतं. संध्याकाळी, नाहीतर सावली करून बाजूने तिरपा टॉर्च धरावा. अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि ती वाचता येतात. फोटोत मोजपट्टी हवी. लांबी, रुंदी, जाडी, दिशा आणि जीपीएस वहीत. लेखाचा कागदावर शाईने ठसा घ्यायचा, तर तो जाणकाराबरोबर आणि परवानगी घेऊनच.

अर्ज भरताना होणाऱ्या चुका साध्याच असतात, पण पैसे अडकतात. काही संस्थांचं वर्ष जानेवारीला सुरू होतं, काहींचं एप्रिलला; वर्ष संपत आलेलं असताना फी भरली तर दोन महिन्यांत सदस्यत्व संपतं. विद्यार्थी सवलतीला चालू वर्षाचं बोनाफाइड लागतं. काही अर्जांवर जुन्या सदस्याची शिफारसीची सही हवी असते, ती आपल्या मार्गदर्शकांकडून घ्यावी. ऑनलाइन पैसे भरले की यूटीआर (बँकेच्या व्यवहाराचा) क्रमांक, नाव आणि कशाची फी ते ईमेलने कळवावं, नाहीतर खजिनदाराला नुसती रक्कम दिसते. अंक टपालाने येतो, तेव्हा भाड्याच्या खोलीचा पत्ता न देता घरचा द्यावा, पिनकोडसह. सदस्यत्वाची फी आणि परिषदेची प्रतिनिधी फी वेगळी असते, हे बहुतेकांना ऐनवेळी कळतं. निबंधाला सहलेखक असेल तर दोघांनीही नोंदणी करायची का, ते परिपत्रकात बघावं. आजीव सदस्यत्वाची घाई नको. मुलं एम.ए.नंतर विषय बदलतात, आणि ती फी परत मिळत नाही.

आठ हजारांचं असं ठरलं: यंदा एका स्थानिक अधिवेशनाची फी, उरलेल्या गावांचा एसटीचा खर्च, चांगली मोजपट्टी आणि टॉर्च. निबंध वाचून झाला, त्यावरच्या सूचना घालून सुधारला की पुढच्या वर्षी एपिग्राफिकल सोसायटीचं सदस्यत्व. बाकी पैसे तिथल्या परिषदेच्या प्रवासाला राखून ठेवायचे.

आईला अजून एक शंका होती, बायोडेटात मग लिहायचं काय? आधी क्षेत्रकाम: तालुके, महिने, नोंदवलेले दगड. मग वाचलेले निबंध, परिषदेचं नाव आणि वर्ष. सदस्यत्व सगळ्यात खाली, एका ओळीत, आणि चालू असेल तरच.