रोलिंग की फिक्स्ड: रोजच्या कामाच्या लॅपटॉपवर काय ठेवावं?

रोलिंग डिस्ट्रो, म्हणजे सतत थोडीथोडी अपडेट होत राहणारी लिनक्स, सारखी मोडते का आणि त्यापेक्षा ठरावीक काळाने नवी आवृत्ती देणारी फिक्स्ड, म्हणजे 'स्टेबल' घेतलेली बरी का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या लॅपटॉपवर टम्बलवीड ही रोलिंग डिस्ट्रो आहे, सर्व्हरवर डेबियन स्टेबल ही फिक्स्ड.

खरा घोळ 'स्टेबल' या शब्दात आहे. डेबियनमध्ये त्याचा अर्थ 'न बदलणारं' असा आहे. 'कधीच क्रॅश न होणारं' असा नाही. साधारण दर 2 वर्षांनी नवी आवृत्ती येते आणि बहुतेक पॅकेजांचे (प्रोग्रॅमच्या गठ्ठ्यांचे) आवृत्ती क्रमांक तिथेच थांबतात. सुरक्षेची दुरुस्ती त्याच जुन्या कोडमध्ये बसवून देतात, त्याला बॅकपोर्ट म्हणतात. म्हणून क्रमांक जुना दिसला तरी पॅकेज असुरक्षित आहे असं समजू नका. आर्च किंवा टम्बलवीडसारख्या रोलिंगमध्ये तेच बदल थोडेथोडे, वर्षभर येत राहतात. बदल दोन्हीकडे चुकत नाही. तो निस्तरायला तुम्हाला वेळ कधी असतो, एवढं बघा.

रोलिंगवर माझी सिस्टिम एकदाच मोडली आणि चूक माझीच होती. पॅकेजांची यादी ताजी केली, पण घाईत एकच प्रोग्रॅम घेतला. त्याच्यासोबत नवी लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो कोड) आली आणि जुन्या लायब्ररीवर चालणारे बाकीचे प्रोग्रॅम उघडेनात. रोलिंगवर अपडेट करायचं तर पूर्णच.

मार्च 2024 मध्ये फाइली लहान करणाऱ्या एक्सझेड या टूलच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत बॅकडोअर, म्हणजे मुद्दाम घुसवलेली चोरवाट सापडली. तो टम्बलवीड आणि डेबियन सिडमध्ये (नवं सॉफ्टवेअर आधी येतं ती डेबियनची शाखा) पोचला होता, डेबियन स्टेबलमध्ये नाही. पण प्रोग्रॅमर आंद्रेस फ्रॉइंड यांना तो सापडला तो सिडवरच, एसएसएच (दूरच्या मशीनवर जायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे शोधताना. नवं सॉफ्टवेअर आधी वापरणाऱ्यांचं हे ऋण आम्हा स्टेबलवाल्यांवर आहे.

लॅपटॉप अगदी नवा असेल तर नवा कर्नल (हार्डवेअर सांभाळणारा लिनक्सचा गाभा) लागतो. तिथे रोलिंग किंवा दर सहा महिन्यांनी येणारी फेडोरा घ्या. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल आणि लिनक्स पहिल्यांदाच वापरत असाल, तर मी उबुंटू एलटीएसच (दीर्घ सपोर्टची आवृत्ती) सुचवेन: 5 वर्षं सपोर्ट मिळतो, आणि सारख्या बदलणाऱ्या कर्नलशी ड्रायव्हर जुळवत बसावं लागत नाही.

रोलिंग घेतलीत तर बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमचे स्नॅपशॉट (बिघडलं तर मागे जाता येईल अशा सिस्टिमच्या नोंदी) चालू ठेवा, आणि काम जमा करायच्या आदल्या रात्री अपडेट करू नका.