पृथ्वीवर सजीव कसे निर्माण झाले? डार्विनचा सिद्धान्त याचे उत्तर देतो का?

नाही. 1859 साली डार्विनने मांडलेली नैसर्गिक निवड अस्तित्वात असलेल्या सजीवांत बदल कसे होतात हे सांगते. पहिला सजीव कसा घडला हा रसायनशास्त्राचा प्रश्न आहे आणि या दोहोंची गल्लत टाळलीच पाहिजे.

ओपारिन आणि हॉल्डेन या शास्त्रज्ञांनी 1920 च्या दशकात असे सुचवले की, आदिम वातावरणात ऑक्सिजन नसल्याने साध्या वायूंपासून सेंद्रिय (कार्बनयुक्त) रेणू तयार होऊ शकले असतील. 1953 मध्ये स्टॅन्ले मिलरने मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ यांच्या मिश्रणात विजेच्या ठिणग्या पाडून अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, मिळवली. आदिम वातावरण तसेच होते, असे आज बहुतेक संशोधक मानत नाहीत. तरीही 1969 मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन उल्केतही अमिनो आम्ले सापडल्यामुळे हे रेणू सजीवांविना बनतात, याबद्दल शंका उरत नाही.

खरी अडचण पुढची आहे: प्रथिने बनवायला डीएनएतील माहिती लागते आणि डीएनएची प्रत काढायला प्रथिने लागतात. डीएनएशी साधर्म्य असलेला आरएनए हा रेणू माहिती साठवतो आणि काही आरएनए रेणू रासायनिक अभिक्रियाही घडवून आणतात, हे थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांनी दाखवले (नोबेल, 1989); म्हणून आरएनए आधी आला असावा, ही मांडणी मला सर्वांत सबळ वाटते. मात्र सजीवांची सुरुवात समुद्रतळावरील उष्णजलीय (गरम पाण्याच्या) झऱ्यांत झाली, हा पर्याय ऊर्जेचा स्रोत अधिक चांगला समजावतो.